बसून बघितलेली जागा

॥ ॐ नमः शिवाय ॥
युसूफ वडगाव, ता. केज
१० मे १९९५

चि. केदारनाथ यास चन्नप्पाचे अनेक आशीर्वाद.

परवा सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं नाही. पूजा झाली. लिंग तळहातावर घेऊन रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ बसलो. मग दुकानाच्या किल्ल्या खुंटीवर तशाच ठेवून एस.टी.च्या थांब्याकडे निघालो. समोरचा मुंजाजी शिंपी मशीन थांबवून ओरडला, "आप्पा, कुनी गेलं का काय?" आपलं दुकान माती असल्याशिवाय बंद राहत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मी म्हणालो, "न्हाई बाबा, कुनी गेलं न्हाई. पोरीला जायाचंय, त्याचं इचारायला निघालोय."

गेलो अंबाजोगाईला, शिवकन्येच्या कॉलेजातल्या अमरसिंह सरांकडे. तिची बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली. आता तिला पुण्याला विद्यापीठात एम.ए. करायचं आहे, आणि तेही मानवशास्त्रात. हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी सातवीला थांबलेला माणूस. तू पुढं शिकलास म्हणून तुला लिहितो आहे.

सरांना सरळ विचारलं, हे शास्त्र कशाचं? ते म्हणाले, "माणसं कशी राहतात, काय खातात, कोणाच्या घरी पोरगी देतात, मेलेल्याचं काय करतात, हे जाऊन बघायचं, विचारायचं आणि लिहायचं."

मी म्हणालो, "सर, हे तर मी दुकानात बसून रोज करतो."

"करता. पण तुम्ही लिहीत नाही." सर हसले. मलाही हसू आलं.

मग विचारलं, दोन वर्षांनी हाती काय लागेल? सरांनी खुर्ची माझ्याकडं ओढली. म्हणाले, "आप्पा, खोटं कशाला बोलू? नोकरी पक्की न्हाई. पोरगी पक्की हाय." परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली नाही. केजपर्यंत उभ्यानं हे एकच वाक्य डोक्यात घेऊन आलो.

दुसरी बाजूही सांगतो. लातूरच्या सिद्धाराम आप्पांकडून मागणी आली आहे. मुलगा औषधाच्या दुकानात बसतो, शांत आहे, माणसं आपल्यातली. त्यांना तुळशीचं लग्न झालं की कार्य करायचं आहे आणि होय-नाही आषाढातच हवं आहे. माझ्या गाठीशी जे आहे त्यात एक काहीतरी होईल. लग्न, नाहीतर पुणं.

शिवकन्या सध्या घरी नाही. भूकंपात पडलेल्या एका गावाची नवी वस्ती लातूर जिल्ह्यात उभी राहिली आहे. तिथं घरोघर जाऊन माहिती लिहून घ्यायचं दोन महिन्यांचं काम सरांनी तिला मिळवून दिलं आहे. एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहते. ती येईपर्यंत मला माझं मन ठरवायचं आहे. तू पुण्यातच आहेस, विद्यापीठातल्या त्या विभागात स्वतः जा. खर्च किती, पुढं काय, हे बघून कळव. तुझ्या वहिनीला, गंगासागरला, मी अजून पुण्याचं बोललो नाही. तुझ्या पत्रात तिच्यापुरता फक्त नमस्कार लिही.

चन्नप्पा

———

पिंपरी, पुणे
२१ मे १९९५

ती. अण्णांस केदारनाथचा साष्टांग नमस्कार. वहिनींस नमस्कार. (लिहिला.)

शनिवारी अर्धी सुट्टी टाकून विद्यापीठात गेलो. झाडी भरपूर, इमारत दगडी, माणसं चांगली. खर्चाचं आधी सांगतो. फी फार नाही. खर्च राहण्याजेवणाचा. वसतिगृहात जागा मिळाली तर वर्षाला दहा-बारा हजारांत भागेल. माझं घर आहेच, पण पिंपरीहून रोज दोन बस बदलून जायचं म्हणजे पोरगी शिकण्यापेक्षा उभीच जास्त राहील.

पुढचं विचारलं. तिथल्या एका बाईंनी मोकळेपणानं सांगितलं. कॉलेजात शिकवायचं, पण जागा क्वचित निघतात. संग्रहालयं आहेत, जनगणनेचं खातं आहे, आदिवासी विभाग आहे, स्पर्धा परीक्षेला हा विषय घेता येतो. अलीकडं बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संस्था निघाल्या आहेत, त्या असली मुलं घेतात, पण वर्ष-दोन वर्षांच्या बोलीवर. म्हणजे पाव नोकरी इथं, पाव नोकरी तिथं.

अण्णा, आमच्या कंपनीत मागच्या दिवाळीत संगणक आला आणि स्टोअरमधले चार कारकून स्वेच्छेनं घरी गेले. स्वेच्छा कसली, दारच दाखवलं. माझा नंबर अजून लागला नाही तो त्या यंत्राची बटणं शिकलो म्हणून. आमची वर्षाराणी बारावी होताच संगणकाच्या वर्गाला बसली आहे. शिवकन्या तिच्यापेक्षा तल्लख. एक वर्षाचा कोर्स करू दे, माझ्याकडे राहू दे. नोकरीचं मी बघतो. आता बाहेरच्या कंपन्या येणार आहेत, त्यांना माणसं लागणार आहेत, पण माणसांची शास्त्रं नाही लागणार.

आणि एक गोष्ट सांगू की नको असं झालं होतं. तिथं एक खोली आहे. शिपायानं कौतुकानं दार उघडून दाखवली. काचेच्या कपाटात कवट्या, प्रत्येकीच्या कपाळावर शाईनं नंबर. टेबलावर हाडं मांडलेली, आणि पोरी पट्टीनं त्यांची मापं घेत होत्या. हे सगळ्यांना करावं लागतं म्हणाला. आपण लिंगायत गेलेल्या माणसाला बसवतो, हातात लिंग देतो, माती देतो, आणि पुन्हा त्या जागेला कुदळ लावत नाही. मला आपले वडीलच आठवले. बाहेर येऊन नळाखाली हात धुतले, खरं तर कशालाच हात लावला नव्हता.

तुम्ही ठरवाल ते खरं. पण लातूरचं स्थळ सोडू नका.

केदारनाथ

———

युसूफ वडगाव
२६ मे १९९५

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

इथं सगळं ठीक. तुझ्या आईनं चटणी पाठवली आहे, कंडक्टरकडे दिली आहे, थांब्यावर जाऊन घे.

एकच विचारायचं आहे आणि खरं उत्तर हवं आहे. त्या शिक्षणात तुला मेलेल्या माणसांची हाडं हातात घ्यावी लागतील, हे तुला माहीत होतं का? माहीत असूनही तू मला सांगितलं नाहीस का?

आप्पा

———

नवी वस्ती, ता. औसा
२ जून १९९५

ती. आप्पांस शिवकन्येचा नमस्कार.

माहीत होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही रोज पूजेला बसता तिथं मला समोर बसून हे बोलायचं होतं. पत्रात नको होतं. आता पत्रातच लिहिते.

पहिल्या वर्षी तो एक भाग असतो. सरांकडे एक कवटी आहे, त्यांनी मला ती गेल्याच वर्षी हातात दिली होती. आप्पा, मी घाबरले होते. पण मला तुमचंच बोलणं आठवलं. आजोबा गेले तेव्हा शेजारची काकू म्हणाली, दहा दिवस शिवू नका. तुम्ही तिला म्हणालात, ज्याच्या अंगावर लिंग आहे त्याला सूतक नाही, जन्माचं नाही, मरणाचं नाही. त्याच संध्याकाळी तुम्ही दुकान उघडलं आणि लोकांनी नावं ठेवली. मी पाचवीत होते. मग मला त्या कवटीचा विटाळ कसा होईल? मी दोन्ही हातांनी धरली. आत कोणीतरी राहून गेलं आहे एवढंच मनात आलं. खाली ठेवताना हळू ठेवली.

आता इथलं. घरं चांगली आहेत, सिमेंटची, एका ओळीत, सारखी. जमिनी वाचाव्यात म्हणून वस्ती माळावर, मुरमावर बांधली आहे. आमच्याकडं छापील कागद आहेत. भिंतीला चीर आहे का, नळ किती लांब, संडास वापरता का. मी विचारते, लिहिते.

मी जिथं राहते त्या घरातली ताराबाई आजी पंचाहत्तरीची आहे. आपल्यातलीच. तिनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "तुजा कागुद समदं इचारतो, मग ह्ये कावून इचारत न्हाई?"

"काय आजी?"

"मला कुटं बसवनार ते."

मला कळेना. मग ती मला हात धरून वस्तीच्या टोकाला घेऊन गेली. तिथं सरकारनं स्मशान बांधलं आहे. पत्र्याची शेड आणि खाली लोखंडी जाळी. आजी म्हणाली, "ह्ये जाळायला झालं. बसवायला कुटं हाय? हितं हातभर खांदलं की मुरूम लागतोय." म्हातारा धुळाजी, तिचा नवरा, मागून म्हणाला, "तिला लई घाई झालीया, बाई. मी बसल्याबिगर तिला कोन बसू देतंय?" दोघं भांडत परत आले. मी मात्र तिथंच उभी राहिले.

आमच्या छापील कागदात मरणाचा रकानाच नाही.

शिवकन्या

———

युसूफ वडगाव
९ जून १९९५

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग तुझ्या आईला वाचून दाखवलं, कारण आता तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. पुण्याचं आणि हाडांचं ऐकून ती म्हणाली, "तुमीच शिकवलंया तिला. आता कुनावर चिडताव?" मी चिडलो नव्हतो. पण तिला तसं दिसलं असेल.

सूतकाचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी ते बोललो तेव्हा तू दाराआड उभी होतीस हे मला ठाऊक नव्हतं.

ताराबाईंचं वाचून वाईट वाटलं. म्हातारपणी भीती वाटतेच. त्यांना धीर दे. विभूतीची वडी पाठवतो आहे, आपल्या मठातली आहे, त्यांना दे. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून नाव घेत जा. मन शांत होईल.

लातूरची माणसं रविवारी येऊन गेली. तुझा फोटो बघितला. चहा घेतला. सिद्धाराम आप्पा माणूस सरळ आहे. बाकी आल्यावर बोलू.

आप्पा

———

नवी वस्ती
२७ जून १९९५

ती. आप्पांस नमस्कार. आईस नमस्कार.

विभूती आजीला दिली. तिनं कपाळाला लावली आणि म्हणाली, "तुज्या बापाला सांग, मला भ्याव वाटत न्हाई. जागा पायजे." आप्पा, रागवू नका, तिला धीर नको होता.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी कागदाच्या कोऱ्या पाठीवर एक प्रश्न स्वतः लिहिला आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. तुमच्यात गेलेल्या माणसाचं काय करता, आणि इथं ते कुठं करणार? आधी आपल्याच घरांत विचारलं. मग वाटलं, एवढ्यावर थांबले तर तो आपल्या लोकांचा अर्ज होईल. म्हणून सगळ्यांना विचारलं. गोसाव्यांची पाच घरं आहेत, तेही पुरतात. मुसलमानांचं कब्रस्तान जुन्या गावालगत आहे, आता दोन कोसांवर राहिलं, पावसाळ्यात ओढा भरला की तिकडं जाता येत नाही. आणि जे जाळतात तेही लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. एका बाईनं माझ्याशी बोलता बोलता दार लावून घेतलं. तिचं लेकरू भूकंपात गेलं होतं.

गेल्या मंगळवारी पाहणीचे मोठे साहेब आणि इंजिनियर आले. साहेबांनी कागद चाळले. म्हणाले, "हा प्रश्न कोणी घातला?" मी उभी राहिले. इंजिनियर म्हणाले, "शेड दिली आहे की. सगळ्यांसाठी आहे." मी म्हणाले, "सर, अर्ध्या वस्तीला ती उपयोगाची नाही." ते हसले. मग मी घरोघरचं लिहिलेलं वाचून दाखवलं.  साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्यातल्याच आहात, म्हणून माहीत असेल?" मी म्हणाले, "एका समाजातली आहे. बाकीच्यांना विचारलं."

साहेबांनी कागद पुन्हा चाळले. मग इंजिनियरांना म्हणाले, नकाशा काढा.

ओढ्याच्या अलीकडं गायरानाचा एक पट्टा आहे, माती खोल आहे. तो पुरणाऱ्यांसाठी राखायचं ठरलं, ग्रामसभेनं लगेच ठराव केला, साहेबांनी स्वतः जाऊन तहसीलची सहीही आणली. कब्रस्तानाच्या वाटेवर ओढ्यावर फरशीचा पूल घालायचं लिहून घेतलं आहे. तेवढं झालं की नाही ते पुढं कळेल.

काल ताराबाई आजी हट्टानं बैलगाडीतून जागा बघायला आली. खाली उतरली, इकडंतिकडं फिरली, पायानं माती उकरली. मग एका ठिकाणी मांडी घालून बसली. डावा तळहात मांडीवर ठेवला, डोळे मिटले. आम्ही सगळे घाबरलो. धुळाजीबाबा ओरडला, "अगं ए, उठ!"

तिनं एक डोळा उघडला. "बसून बघितलं," म्हणाली. "जागा बरी हाय. वारं येतंय." आणि मला म्हणाली, "हात दे. आज न्हाई जात मी."

आप्पा, मी पुण्याला जायचं की नाही हे तुम्ही ठरवा. लातूरचं म्हणालात तरी मी रडणार नाही. पण मला काय शिकायचं आहे हे आता मला स्वच्छ कळलं आहे. ते तुम्हाला सांगायचं होतं.

पाच तारखेला घरी येते.

शिवकन्या

———

युसूफ वडगाव
१२ जुलै १९९५

चि. केदारनाथ यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला दीड महिना लागला. तू मनापासून लिहिलंस, एकही गोष्ट खोटी नाही. संगणकाचंही खरं असेल. वर्षाराणीला माझा आशीर्वाद सांग, तिनं ते नेटानं करावं.

शिवकन्येचं शेवटचं पत्र सोबत पाठवतो आहे. वाचून जपून ठेव, आलो की परत घेईन. हे पत्र मी मुंजाजीला वाचून दाखवलं, तुझ्या वहिनीला दोनदा, आणि मठात स्वामींना. स्वामी म्हणाले, "म्हातारीनं जिवंतपणी समाधीची जागा पारखली, आणि ती जागा तुमच्या पोरीनं मिळवली. चन्नप्पा, अजून काय पाहिजे?" मी नमस्कार करून निघालो. पण घरी येताना मी जरा छाती काढून चाललो असेन, कारण वाटेत दोघांनी विचारलं, "आप्पा, आज काय विशेष?"

मला वाटलं होतं म्हातारी भ्यायली आहे. मी विभूती पाठवली. पोरीनं तेच शब्द ऐकले आणि जमीन शोधली. माझ्यापेक्षा तिला ते नीट ऐकू आलं. सरांनी मला सांगितलं होतं की तुम्ही लिहीत नाही, त्याचा अर्थ मला आता लागला.

लातूरला मी स्वतः गेलो. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, चिठ्ठी पाठवू नये. सिद्धाराम आप्पांनी पाट मांडला, दूध दिलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"कावून हो चन्नप्पा? पोरात काय खोट हाय का?"

"पोरगं सोन्यावानी हाय. पन माज्या पोरीला दोन वर्सं शिकायचंय."

"काय शिकनार?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "अहो, हाडं मोजून का कुनाचं घर चालतंय? उद्या तिला कोन करून घील?" राग नव्हता त्यात, काळजी होती. मग मी त्यांना त्या वस्तीचं सगळं सांगितलं, शेडीपासून बैलगाडीपर्यंत. ते ऐकत राहिले. आतून त्यांची आई, नव्वदीला आलेली, दाराशी येऊन उभी होती. कोणाचं लक्ष नव्हतं. ती एकदम म्हणाली, "सिद्धू, आपल्या लातुरात ती कालनी झाली तवापासनं आपली बसवायची जागा हाय का रं राहिलेली?"

सिद्धाराम आप्पा म्हणाले, "आई, तू आत जा."

"आत जाते. पन तू आदी बघून ये."

आम्ही दोघंही हसलो. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं, "आम्ही दोन वर्सं थांबनार न्हाई, चन्नप्पा. पोराचं वय झालंया." मी म्हणालो, "थांबू नका. कार्याला बोलवा, मी पंगतीत वाढायला येईन." हे स्थळ गेलं, केदार. चांगलं होतं. असं पुन्हा येईल की नाही मला माहीत नाही, आणि तुझ्या वहिनीनं त्या रात्री जेवण केलं नाही, हेही लिहून ठेवतो.

नोकरीचंही मला अजून माहीत नाही. तू लिहिलंस तशी पाव इथं, पाव तिथं असेल. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर झाली. दोन वर्षं मोठमोठ्या शिकलेल्या माणसांनी त्या गावाचं सगळं मोजलं, आणि माणूस मेल्यावर कुठं जाणार हे विचारायचं राहून गेलं. विचारणारं कोणीतरी लागतं. त्याला पगार किती मिळतो ते पुढं बघू. तोवर दुकान आहे, मी आहे. पूजेला बसतो तेव्हा मी तिच्यासाठी नोकरी मागत नाही. तिचे कान असेच राहू देत एवढंच मागतो.

गंगासागर काल स्वतःहून बोलली. शिवकन्येच्या ट्रंकेत पातळं लावता लावता म्हणाली, "तितं हाडाच्या खोलीत जाताना गळ्यातलं लिंग काढू नको म्हणावं." शिवकन्या म्हणाली, "न्हाई काढनार, आई." एवढ्यावर त्या दोघींचं मिटलं.

विद्यापीठातून प्रवेशाचं पत्र आलं आहे, वसतिगृहातही जागा मिळाली आहे. सतराला तिला घेऊन येतो. एक दिवस तुझ्याकडे राहीन. ती कवट्यांची खोली मलाही बघायची आहे. आत जाऊन हात जोडेन म्हणतो. कोणाची तरी माणसं आहेत ती.

आज सकाळी पूजा झाल्यावर मी पुन्हा किल्ल्या खुंटीवरच ठेवल्या. मुंजाजीनं मशीन थांबवलं, पण या वेळी त्यानं काही विचारलं नाही, नुसता हात वर केला. केजला बँकेत जाऊन फीचा आणि वसतिगृहाचा ड्राफ्ट काढला. कारकुनानं विचारलं, "आप्पा, कशाचं शिक्षण?" मी म्हणालो, "मानवशास्त्र." शब्द न अडखळता तोंडातून आला. ड्राफ्ट पाकिटात घातला, पोस्टात जाऊन रजिस्टर केला, पावती घेतली. बारा वाजता परत येऊन दुकान उघडलं.

चन्नप्पा